आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी सोलापुरातील मुलींनी वेळेत कशी मिळवावी

असुरक्षित संबंध आल्यानंतर दिवस राहू नयेत म्हणून घ्यावयाची गोळी भारतात २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकत मिळते. सोलापुरातही ती नवी पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत बहुतेक मेडिकलमध्ये असते. असे असूनही सोळा-सतरा वर्षांची मुलगी तिच्यापर्यंत पोहोचते ती अनेकदा तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी. मी औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेतले असून याच शहरात मेडिकलच्या काउंटरमागे माझी बरीच वर्षे गेली आहेत. पहिला दिवस रडण्यात जातो, दुसरा मैत्रिणीला सांगावे की नाही या विचारात आणि तिसरा वडिलांना न ओळखणारे मेडिकल शोधण्यात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की हे तास वाचावेत एवढ्याच हेतूने पुढची माहिती लिहीत आहे. ज्या मुलीला आज, आत्ता गोळीची गरज आहे तिने हे सर्व वाचत बसू नये. तिने आधी गोळी घ्यावी आणि उरलेले नंतर वाचावे.

वेळेला एवढे महत्त्व का

या गोळीत लिव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचे संप्रेरक दीड मिलिग्रॅम असते. स्त्रीबीज बीजांडकोशातून बाहेर पडण्याची क्रिया लांबवणे हे तिचे मुख्य काम आहे. पुरुषाचे शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून संबंधाच्या दिवशी बीज बाहेर आलेले नसले तरी दोन-तीन दिवसांनी ते आले तर गर्भ राहू शकतो. गोळी बीजाला थांबवून ठेवते आणि तोवर शुक्राणूंचे आयुष्य संपते. बीज एकदा बाहेर पडल्यानंतर मात्र ती काही करू शकत नाही. तासन्‌तास उशीर करण्याचा धोका नेमका येथे आहे, कारण बीज केव्हा बाहेर पडेल हे कोणालाही बाहेरून कळत नाही, आणि किशोरवयात पाळी अजून नियमित झालेली नसताना तर ‘हे दिवस सुरक्षित आहेत’ हा हिशेब मुळीच भरवशाचा नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे आढळले की पहिल्या २४ तासांत गोळी घेतल्यास अपेक्षित गर्भधारणांपैकी सुमारे ९५ टक्के टळतात, ४८ तासांपर्यंत घेतल्यास ८५ टक्के आणि ७२ तासांपर्यंत घेतल्यास ५८ टक्के. नंतरच्या अभ्यासांत आकडे थोडे कमी-जास्त झाले, पण जितक्या लवकर तितके बरे हा निष्कर्ष कायम राहिला. पाकिटांवर ७२ तासांची मर्यादा लिहिलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पाचव्या दिवसापर्यंत, म्हणजे १२० तासांपर्यंत ती घेता येते, मात्र परिणाम कमी होत जातो. म्हणून ७२ तास उलटून गेलेल्या मुलीने ‘आता काही उपयोग नाही’ असे समजून घरी बसू नये, आणि जिच्याकडे अजून दोन दिवस आहेत तिने उद्यापर्यंत थांबू नये. घरपोच औषधे देणाऱ्या ॲपवर मागणी नोंदवून दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्यापेक्षा चालत जाऊन आणलेली गोळी चांगली.

पपई खाणे, तीळ-गुळाचा उष्ण काढा घेणे, उड्या मारणे, संबंधानंतर लगेच पाण्याने धुणे यांपैकी कशानेही गर्भ टळत नाही. पहिल्याच वेळी दिवस राहत नाहीत, हाही समज खोटा आहे. या समजुतींचा सर्वांत मोठा तोटा असा की त्यांच्यावर विसंबून मुली दोन-दोन दिवस निश्चिंत राहतात.

तीन वेगळ्या गोळ्या, ज्यांची काउंटरवर गल्लत होते

‘ती गोळी द्या’ एवढेच बोलून मान खाली घालणारी मुलगी नेमकी कोणती गोळी मागते आहे, हे दुकानदाराला नेहमीच कळते असे नाही, आणि तिलाही ते ठाऊक असते असे नाही. पहिली आहे वर सांगितलेली आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी. ती गर्भ राहण्याआधी काम करते, चिठ्ठीशिवाय मिळते आणि तिने गर्भपात होत नाही. गर्भ आधीच राहिला असेल तर ती निरुपयोगी ठरते, पण त्या गर्भाला इजाही करत नाही.

दुसरी म्हणजे गर्भपाताच्या गोळ्या, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. त्या पूर्णपणे वेगळ्या आहेत, त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी कायद्याने लागते आणि त्या देखरेखीशिवाय घेतल्यास अपुरा गर्भपात व जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. ‘याने काम होईल’ असे म्हणून कोणी बिलाशिवाय पाच गोळ्यांचे पाकीट जास्त पैशांत पुढे करत असेल, तर ते घेऊ नका. अशा पाकिटातल्या गोळ्या घरी गुपचूप घेतलेली, रक्तस्राव थांबत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आलेली मुलगी मी पाहिली आहे. या दोन औषधांतील फरक प्रत्येक शाळेत शिकवला जावा असे मला मनापासून वाटते.

तिसरी आहे पाळी पुढे ढकलण्याची गोळी. आपल्या जिल्ह्यात आषाढी वारी, नवरात्र, घरातले लग्न, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा अशा निमित्तांनी आया-मावश्या ती सर्रास आणतात, त्यामुळे तिचे पाकीट पुष्कळ घरांतल्या फडताळात पडलेले असते. त्यात नॉरएथिस्टेरॉन असते. घरात सापडली म्हणून ती गोळी खाल्ल्यास गर्भ टळत नाही, उलट पाळी लांबल्याने दिवस राहिले आहेत की नाही हे कळायलाही उशीर होतो.

मेडिकलमध्ये काय बोलावे

पाकिटांची नावे जाहिरातींमुळे सर्वांना ठाऊक आहेत: आय-पिल, अनवॉन्टेड-७२ आणि इतरही. नाव कोणतेही असले तरी पाकिटावर ‘लिव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम’ असे लिहिले आहे का, ते पाहावे. किंमत ब्रँडनुसार बदलते, साधारण शंभर रुपयांच्या आसपास असते, आणि छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देण्याची गरज नाही. काउंटरवर एकच वाक्य पुरते: ‘बहात्तर तासांच्या आत घ्यायची गर्भनिरोधक गोळी द्या.’ बोलणे जड जात असेल तर हेच वाक्य कागदावर किंवा मोबाइलवर लिहून दाखवा. माझ्याकडे अशी चिठ्ठी देणाऱ्या मुली येतात. मी ती वाचते, पाकीट कागदी पिशवीत घालते आणि एक शब्दही मोठ्याने बोलत नाही. सोलापूर मोठे शहर असले तरी इथल्या गल्ल्या लहान आहेत. पूर्व भागातल्या मुलीला आपल्या घराजवळच्या मेडिकलवाल्याने ओळखले तर संध्याकाळपर्यंत ती गोष्ट आई विड्यांचा माल द्यायला जाते तिथे पोहोचेल, अशी भीती वाटते, आणि ती भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. म्हणून दुसऱ्या भागात जाणे यात काही चूक नाही. सिव्हिलच्या आसपासची किंवा मोठ्या खासगी रुग्णालयांजवळची मेडिकल रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, तेथे गर्दी असते आणि गर्दीत कोणी कोणाकडे पाहत नाही. मात्र दुसरे मेडिकल गाठण्यासाठी उद्याची वाट पाहायची नाही, एवढी अट मी त्याला जोडते.

गोळी घेणाऱ्या मुलीनेच ती विकत घेतली पाहिजे असे नाही. मैत्रीण, मोठी बहीण, वहिनी किंवा मुलगा, कोणीही ती आणू शकतो. ज्या मुलाचा या प्रसंगात वाटा आहे त्याने मेडिकलची पायरी चढण्याचे काम तिच्यावर ढकलू नये, असे मला स्पष्टपणे वाटते.

काही दुकानदार नकार देतात. ‘आईला घेऊन ये’, ‘लग्न झाले आहे का’, ‘डॉक्टरांची चिठ्ठी आण’ अशी वाक्ये ऐकावी लागतात. चिठ्ठीशिवाय विक्रीची मुभा देताना त्यात लग्नाची किंवा पालकांच्या संमतीची अट घातलेली नाही. तरीही तेथे वाद घालून वेळ दवडण्यापेक्षा सरळ पुढच्या मेडिकलमध्ये जावे. काही वर्षांपूर्वी अकरावीतली एक मुलगी माझ्याकडे चौथ्या दिवशी संध्याकाळी आली. पहिल्याच दिवशी सकाळी ती घराजवळच्या एका मेडिकलमध्ये गेली होती. तेथे तिला आईला आणण्यास सांगितले गेले आणि त्यानंतर पुन्हा कोठे विचारण्याचे धैर्य गोळा करायला तिला साडेतीन दिवस लागले. मी तिला गोळी दिली, परिणाम कमी होईल हे सांगितले, गर्भाशयात बसवायच्या तांबीचीही, म्हणजे कॉपर-टीचीही, माहिती दिली. पुढे काय झाले ते मला कळले नाही. पहिल्या मेडिकलमध्ये तिला दोन मिनिटांत मिळू शकले असते ते चौथ्या दिवशी मिळाले, याचे दुःख मला अजून आहे. मीही एकदा चुकले आहे. गर्दीच्या वेळी एका मुलीला मी ‘कोणासाठी हवी आहे?’ असे सर्वांसमोर विचारले आणि ती पैसे मुठीत तसेच धरून निघून गेली. तो प्रश्न मी त्यानंतर कोणालाही विचारलेला नाही, आणि माझ्या व्यवसायातील इतरांनीही विचारू नये अशी माझी विनंती आहे.

पैसे नसतील तर सरकारी मार्ग आहे. शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रमातून हीच गोळी ‘ईझी पिल’ या नावाने पुरवली जाते. खेड्यांत आणि वस्त्यांमध्ये आशाताईंकडे ती असते. गर्भनिरोधके घरपोच देण्याच्या योजनेत तिची किंमत दोन रुपये ठरवलेली आहे. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा किंवा सांगोला तालुक्यातील गावात, जेथे मेडिकल एकच आणि तेही काकांच्या मित्राचे असते, तेथे आशाताई हाच जवळचा मार्ग ठरतो. आशाताई गावातलीच असल्याने संकोच होतो, हे खरे. परंतु गावात अशा गोष्टी पोटात ठेवण्याची सवय तिच्याइतकी दुसऱ्या कोणाला नसते. किशोरवयीनांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याखाली १० ते १९ वयोगटासाठी शासकीय रुग्णालयांत समुपदेशन केंद्रे आहेत आणि महाराष्ट्रात ती ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, हे शासकीय ठिकाण सर्वांना ठाऊक आहे.

गोळी कशी घ्यावी

पाकिटाची मुदत संपलेली नाही ना, एवढे पाहून गोळी मिळाल्याबरोबर पाण्यासोबत गिळावी. सकाळ-रात्र, रिकामे पोट किंवा भरलेले पोट असा काही नियम नाही. थोडे खाऊन घेतल्यास मळमळ कमी वाटू शकते, पण खाण्यासाठी तासभर थांबण्याचे कारण नाही. दीड मिलिग्रॅमची एकच गोळी असते. पाकिटात पाऊण मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या असतील, तर दोन्ही एकाच वेळी घ्याव्यात. पूर्वी बारा तासांच्या अंतराने घेण्याची पद्धत होती, आता तशी आवश्यकता राहिलेली नाही. गोळी घेण्यापूर्वी तपासणी, रक्ताची चाचणी किंवा रक्तदाब पाहण्याची गरज नसते.

गोळीनंतर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी पोटात टिकली नाही असे समजून पुन्हा एक घ्यावी लागते. म्हणून पहिल्या काही तासांत घरापासून दूर प्रवासाला निघू नये, हे मी आवर्जून सांगते.

काही औषधे या गोळीचा परिणाम कमी करतात. क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन, तसेच फिट्सवर दिली जाणारी फेनिटोइन, कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोन ही त्यांपैकी आहेत. यांपैकी काही चालू असेल तर ते न लपवता डॉक्टरांना किंवा औषधनिर्मात्याला सांगावे, कारण अशा वेळी दुप्पट मात्रा किंवा तांबी सुचवली जाते. ज्यांचे वजन उंचीच्या मानाने बरेच जास्त आहे त्यांच्यातही परिणाम कमी असू शकतो. तरी गोळी टाळण्याचे कारण नाही, मात्र तांबीचा विचार लवकर करावा. तांबी संबंधानंतर पाच दिवसांच्या आत प्रशिक्षित डॉक्टरांकडून बसवून घेतल्यास ९९ टक्क्यांहून अधिक परिणामकारक ठरते आणि पुढची काही वर्षेही संरक्षण देते. सर्वांत खात्रीचा उपाय हाच आहे, पण त्यासाठी डॉक्टरांकडे जावे लागत असल्याने किशोरवयीन मुली त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचतात.

किशोरवयीन मुलीने ही गोळी घेतली तर पुढे मूल होणार नाही, अशी धास्ती मैत्रिणींच्या गप्पांतून पसरलेली आहे. तिला आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने या गोळीसाठी वयाची मर्यादा ठेवलेली नाही आणि भविष्यातील गर्भधारणेवर तिचा परिणाम होत नाही. अमेरिकेत याच गोळीवरची वयाची अट बरीच वर्षे चाललेल्या वादानंतर २०१३ साली उठली.

गोळीनंतरचे तीन आठवडे

मळमळ, डोकेदुखी, थकवा, स्तनांत दुखरेपणा, पोटात हलके दुखणे हे त्रास एक-दोन दिवसांत आपोआप जातात. अधूनमधून थोडे रक्त दिसू शकते. अनेक मुली अशा डागांना पाळी आली असे समजून सुटकेचा श्वास टाकतात, पण त्यावरून गोळी लागू पडली असा निष्कर्ष काढता येत नाही. खरी पाळी साधारण ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी किंवा नंतर येते. ती सात दिवसांहून जास्त लांबली, नेहमीपेक्षा फार कमी आली, किंवा संबंधाला तीन आठवडे झाले, तर लघवीची चाचणी करावी. मेडिकलमध्ये चाचणीचे किट स्वस्तात मिळते आणि शासकीय केंद्रांत ‘निश्चय’ नावाचे किट विनामूल्य असते. सकाळच्या पहिल्या लघवीवर केलेली चाचणी अधिक विश्वसनीय असते. ओटीपोटात एका बाजूला तीव्र वेदना झाली, चक्कर आली किंवा फार रक्तस्राव झाला तर चाचणीची वाट न पाहता तातडीने रुग्णालयात जावे. गर्भ गर्भाशयाबाहेर राहिल्याची ती लक्षणे असू शकतात.

गोळी त्या एका प्रसंगापुरती असते. ती घेतल्यानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा असुरक्षित संबंध आला तर कालची गोळी त्याला पुरत नाही, उलट लांबलेले बीज आता बाहेर पडण्याची शक्यता असते. गुप्तरोग आणि एचआयव्हीपासूनही ती वाचवत नाही. ते काम फक्त निरोध करतो. एकाच महिन्यात पुन्हा घ्यावी लागली तर जिवाला धोका नाही, पण पाळीचे चक्र विस्कटते आणि महिन्याला दोन-तीन वेळा या गोळीवर अवलंबून राहणाऱ्या मुलीला नियमित साधनाइतके संरक्षण कधीच मिळत नाही. अशा मुलीने ‘मैत्री’ केंद्रात किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन नियमित साधनाबद्दल विचारावे. शासकीय कार्यक्रमात रोज घ्यावयाच्या गोळ्यांसोबत २०१७ पासून ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी आणि ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचे इंजेक्शनही आहे. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा घ्यावी लागते. कोणते साधन कोणाला योग्य, हे तपासूनच ठरते.

वय अठराच्या आत असेल तर कायदा काय म्हणतो

याविषयी अर्धवट बोलणे मला अप्रामाणिक वाटते. मेडिकलमधून गोळी घेताना कोणी नाव लिहून घेत नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर मात्र परिस्थिती वेगळी असते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, मग त्यात तिची मर्जी असो वा नसो, आणि अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर, डॉक्टरांवरही, ती पोलिसांना कळवण्याचे बंधन कलम १९ ने घातले आहे. दोघेही सतरा वर्षांचे असले तरी कायदा त्यांना वेगळे मानत नाही. याच धास्तीने मुली डॉक्टर टाळतात, आणि डॉक्टर टाळल्याने तांबीसारखा अधिक खात्रीचा उपाय त्यांच्या हातून जातो. हा पेच या कायद्याने खरोखर निर्माण केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात एवढे केले की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आल्यास, तिची व पालकांची विनंती असेल तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही.

बालविवाह झालेल्या मुलींनाही हेच लागू आहे. नवरा असला तरी अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हा गुन्हा असल्याचे २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून स्पष्ट आहे. सासरी ‘लवकर पाळणा हलला पाहिजे’ असे म्हटले जात असताना या मुलीला गोळी आणण्यासाठी घराबाहेर पाऊल टाकणेही कठीण असते. तिच्यासाठी आशाताईच बहुधा एकमेव वाट असते.

संबंध जबरदस्तीने झाला असेल, मुलीला धमकावले असेल, किंवा समोरची व्यक्ती घरातली, शिकवणीतली किंवा वयाने मोठी असेल, तर गोळी घेऊन गप्प बसू नये, कारण तसे गप्प बसल्याने त्या माणसाला पुन्हा संधी मिळते. अशा प्रसंगी सर्व रुग्णालयांनी, सरकारी आणि खासगी, ताबडतोब व विनामूल्य उपचार द्यावे लागतात. पॉक्सो नियमांनुसार त्या उपचारांत आपत्कालीन गर्भनिरोधकाची चर्चा आणि एचआयव्हीच्या संसर्गाविरुद्ध प्रतिबंधक उपचार यांचा समावेश आहे, आणि रुग्णालय ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असे म्हणून अडवू शकत नाही. एचआयव्ही प्रतिबंधक औषधही ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२. मुलगी घाबरून बोलत नसेल तर १०९८ वर तिच्या मैत्रिणीनेही फोन करावा.

गोळी घेऊनही दिवस राहिले तर

कोणतीही गोळी शंभर टक्के खात्रीची नसते, म्हणून हा भाग टाळणे योग्य नाही. चाचणी सकारात्मक आली तर एकाही आठवड्याचा उशीर करू नये. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने आणि २० ते २४ आठवड्यांत, अल्पवयीन मुलींसह ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात कायदेशीर आहे. पहिल्या नऊ आठवड्यांपर्यंत तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी करता येतो. त्यानंतर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज मुलीचे नाव कोणालाही कळू न देण्याचे बंधन याच कायद्याने डॉक्टरांवर घातले आहे. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते, आणि येथेच बहुतेक मुलींची हिंमत खचते, कारण पालक म्हणजे वडील, असे त्यांच्या मनात असते. कायद्याच्या व्याख्येत पालक म्हणजे जिच्या किंवा ज्याच्या देखभालीत मुलगी आहे ती व्यक्ती. शिक्षणासाठी गाव सोडून सोलापुरात आजीकडे किंवा मावशीकडे राहणाऱ्या मुलीच्या बाबतीत ती आजी किंवा मावशी ही सही करू शकते.